भालचंद्ररावांचा संशयित

भालचंद्रराव कुलूप लावूनही परत येऊन ओढून बघत. कारखान्याच्या टाउनशिपचं नेटवर्क त्यांच्याकडे होतं, आणि रोज सकाळी ते एकेकाच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावत. मग त्यांनीच हट्टानं नवं सॉफ्टवेअर मागवलं. कोणता कॉम्प्युटर किती वेगवेगळ्या कॉम्प्युटरांची दारं ठोठावतो, याचा ते अंदाज सांगायचं.

"नेमका आकडा नाही मिळणार, साहेब," सहायक प्रमिलाबाई म्हणाल्या.

"अंदाज पुरे! दारोदार फिरतो तोच चोर," त्यांच्याकडेच रोखून बघत भालचंद्रराव म्हणाले.

बाकी सगळे आपापल्या दोन-चार दारांपुरते निघाले. एकच कॉम्प्युटर अख्खी टाउनशिप पालथी घालत होता.

"कुणाचा हा?"

"तुमचा, साहेब."

"नुसत्या अंदाजावर चोर ठरवता?" भालचंद्रराव कडाडले. "आणि माझ्यावर पाळत ठेवायला सांगितलं कुणी?"