सहाची लेडीज बॅच

गेल्या मे महिन्यात रोज सकाळी साडेसातच्या सुमारास लखनौतल्या आमच्या इंदिरा नगरच्या घराचे दार उघडे आणि क्लोरिनचा एक थंड, निळसर वास आत येई. कूलरच्या ओल्या वाळ्याचा मंद गंध तोवर खोल्यांतून मुरलेला असे, गॅलरीतल्या मोगऱ्याने त्यात आपली भर घातलेली असे. त्या सगळ्या ओळखीच्या वासांना बाजूला सारून हा परका वास घरात शिरे आणि त्याच्या मागोमाग माझी पत्नी, वसुधा. ओली वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, डोळ्यांभोवती पोहण्याच्या चष्म्याचे लालसर वळ, आणि चेहऱ्यावर लांबच्या गावाहून नुकत्याच परतलेल्या माणसाचे हरवलेपण. "चहा घेतलात ना?" असे ती विचारी, आणि माझे उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच काकडी खाऊ लागे. तिला भूक लागलेली असे. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला अशी कडकडून भूक लागावी, याचा मला राग येई.

राग हा शब्द मी तेव्हा वापरत होतो. खरा शब्द सापडायला महिना जावा लागला.

मी रेल्वेत पुलांचे काम केले. नोकरीची सारी वर्षे मानक नगरच्या कॉलनीत गेली, आणि त्यांतले निम्मे दिवस मी घरी नव्हतोच. कुठल्या तरी नदीवर, कुठल्या तरी घाटात, नव्या गर्डरवरून गाडी जाताना तो किती वाकतो हे मोजत उभा असे. निवृत्तीनंतर आम्ही इथे राहायला आलो तेव्हा माझ्या मनात एकच चित्र होते: उन्हाळ्यातली पहाट, लूच्या गरम झळा सुरू होण्याआधीचे ते दोन कोवळे तास, गॅलरीत दोन खुर्च्या, समोर बहाव्याचे पिवळे घोस लोंबताहेत आणि आम्ही दोघे सावकाश चहा पितो आहोत. पहिल्या उन्हाळ्यात ते चित्र जसेच्या तसे खरे झाले. एवढे सोपे सुख आपण इतकी वर्षे कसे लांबणीवर टाकले, असे मला त्या दिवसांत सारखे वाटायचे. तिला काय वाटत होते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा उजवा गुडघा धरला. डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले. जवळच्या तरणतलावावर सहा ते सात बायकांची बॅच असते, हे मीच शोधून काढले. फॉर्म मी भरला, फोटो मी चिकटवला आणि पहिल्या दिवशी तिला फाटकापर्यंत सोडायलाही गेलो. घामेजल्या हाताने तिने माझे मनगट धरले होते. माहेर साताऱ्याकडचे, पण विहिरीत कधी पायसुद्धा न बुडवलेली. "दोन दिवस बघ, नाही जमलं तर सोडून दे," मी म्हणालो. मनातल्या मनात मी ते दोन दिवस मोजूनही टाकले होते.

तिने सोडले नाही. आठवडाभरात ती कठड्याला धरून पाय मारू लागली, तीन आठवड्यांत तरंगू लागली, आणि एप्रिल सरता सरता एकदा जेवताना म्हणाली, "आज मी आडवी रुंदी पार केली." भाताचा घास तसाच हातात धरून ती भिंतीकडे बघत होती, त्या भिंतीच्या जागी तिला काय दिसत होते ते मला दिसत नव्हते. गुडघा केव्हाच सुधारला होता. आता ती त्याचे नावही काढत नसे. आता तिच्या बोलण्यात निगहत असे. निगहत म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई, उंच, पांढऱ्या केसांच्या, पाण्यात उताणे पडून शेर म्हणणाऱ्या. पोहून झाले की बॅचमधल्या चारपाच जणी फाटकासमोरच्या टपरीवर चहा आणि बन-मक्खन घेत, टरबुजाच्या गाड्यापाशी उगाच रेंगाळत आणि कशावर तरी हसत. त्या हसण्याचे उरलेले तुकडे वसुधा घरी घेऊन येई. मी "काय झालं?" विचारले की म्हणे, "काही नाही हो, तिथं असतात तर कळलं असतं."

मग मी हळूहळू टोचून बोलू लागलो. क्लोरिनने केस जातात, परतताना ऊन लागते, रोज उठून बन-मक्खन बरे नव्हे. ती "हो" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ई-रिक्षात बसे. मी पार्कात फिरायला जाऊन पाहिले. तिथे माझ्या वयाची माणसे गोल करून, हात वर करून मोठमोठ्याने हसत होती. मला ते जमेना. बेंगळुरूच्या आमच्या मुलीला, केतकीला, मी एकदा फोनवर हे सारे काळजीच्या सुरात सांगितले. मराठी तिला सगळे कळते, पण बोलते ती लखनौची होऊनच. सगळे ऐकून घेऊन ती हसली. "बाबा, आप जल रहे हो मम्मी से!" मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो.

मेच्या अखेरीला तरणतलावाचे जूनचे कार्ड काढायचे होते. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो, तो शिरस्ताच आहे. तिने जुने कार्ड माझ्या हाती दिले आणि मी गेलो. खिडकीशी रांग नव्हती. आतले गृहस्थ म्हणाले, "लाइए बाबूजी, अभी कर देते हैं." मागच्या भिंतीपलीकडून पाण्याचा सपसप आवाज येत होता, कुणीतरी खळखळून हसले, आणि मी हातातले कार्ड खिशात टाकले. "बाद में आता हूँ," म्हणालो. घरी येऊन सांगितले, "जूनची बॅच भरली म्हणे."

ती पोळ्या लाटत होती. लाटणे क्षणभर थांबले. "अच्छा," ती म्हणाली आणि पुन्हा लाटू लागली.

दुसऱ्या दिवसापासून माझे चित्र मला परत मिळाले. दोन खुर्च्या, दोन कप, कोकिळेची हाक, कोवळे ऊन. सवयीने ती पाचलाच उठे, पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसून राही, मग चहा करून आणी. आम्ही टाकीच्या पाण्याविषयी बोललो, दशहरी आंबा यंदा उशिरा येणार याविषयी बोललो, केतकीच्या बदलीविषयी बोललो, आणि नंतर बोलण्यासारखे काही उरेना. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हीच माझी मोठी पंचाईत होती. हळूहळू बहाव्याचा सडा खाली वाळून तपकिरी झाला. जिना उतरताना वसुधाने पुन्हा कठडा धरायला सुरुवात केली, आधी नुसता हात टेकून, मग भार देऊन. आयुष्यभर मी भाराखाली पूल किती वाकतो ते मोजत आलो होतो. हे वाकणे मी पाहिले आणि मान फिरवली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी निगहत आल्या. हातात फालशाच्या फळांची पिशवी, अंगावर चिकनच्या भरतकामाचा फिकट आकाशी कुर्ता. दारातूनच म्हणाल्या, "वसुधा, तबीयत तो ठीक है? हमने सोचा गाँव चली गईं. आधा स्विमिंग पूल ख़ाली पड़ा है भई, सब पहाड़ पर निकल गए!"

 वसुधाने माझ्याकडे पाहिले. तशी नजर मी आमच्या उभ्या संसारात पाहिली नव्हती. तीत आरोप नव्हता, एखादी वस्तू ओळखीची की अनोळखी हे ठरवताना माणूस जसे निरखून बघतो तसे ते बघणे होते. मग ती निगहतना म्हणाली, "हाँ, घुटना ज़रा पकड़ गया था. अब आऊँगी." आणि सरबत करायला आत गेली.

त्या गेल्यावर ती बेसिनपाशी फालसे धूत होती. पाणी जांभळे होऊन वाहत होते. मी दारात उभा.

"गेलाच नव्हतात का खिडकीवर?"

"गेलो होतो."

"मग?"

"हेवा वाटला," मी म्हणालो. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तो किती लहान आहे ते कळले.

"कुणाचा? निगहतचा?"

"तुझा."

तिने नळ बंद केला. पदराला हात पुसत ती वळली आणि अगदी सावकाश, जणू स्वतःलाच आठवून आठवून, बोलू लागली. "तुम्ही पुलांवर जायचात ना, तेव्हा मला तुमचा इतका हेवा वाटायचा. परत आलात की तुमचे शर्ट धुवायला टाकण्याआधी मी हुंगायचे. कधी नदीचा चिखल, कधी कोळशाचा धूर, एकदा कसल्या तरी रानफुलाचा वास होता. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, कामावर कसली फुलं. मेमध्ये केतकीला घेऊन मी त्या क्वार्टरमध्ये पडदे ओले करून बसायचे आणि वाटायचं, हा माणूस आत्ता कुठं उभा असेल." ती थांबली. "पण तुमचं तिकीट मी कधी लपवलं नाही."

ती रडली नाही, मीही नाही. फालशांवर मीठ भुरभुरवून तिने वाटी माझ्यापुढे ठेवली. आंबटगोड चव जिभेवर रेंगाळत राहिली आणि मला त्या रानफुलाचे नाव आठवेना. खरे तर ते फूलही आठवेना, कुठली नदी तेही नाही. इतके सगळे मी पाहिले होते आणि त्यातले काही तिच्यापाशी पोचवण्याची मला कधी गरजच वाटली नव्हती, एवढेच काय ते आठवले.

सकाळी कार्ड घेऊन ती स्वतः गेली.  आठवडाभर आमच्यात मोजके बोलणे होते. चहा करून ती थर्मासमध्ये ठेवून जाई आणि मी तो एकटाच पीत असे. मग शनिवारी, धुतलेले कपडे दोरीवर टाकता टाकता, पाठमोरीच म्हणाली, "रविवारी घरच्यांना काठावर बसू देतात. यायचं तर या."

मी गेलो. जूनची ती सकाळ आधीच तापू लागलेली होती, पूर्वेकडचे ऊन पाण्यावर तिरपे पडून त्याचे असंख्य तुकडे होत होते. पाहुण्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यात पायजमा दुमडून मी पायऱ्यांवर बसलो आणि पावले पाण्यात सोडली. निगहत लांबूनच हात हलवून "आइए भाईसाहब!" म्हणाल्या, त्यांना काय माहीत होते आणि काय नव्हते कोण जाणे. वसुधा कठड्याशी उभी होती. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, श्वास घेतला आणि निघाली.

तिला पाठमोरी जाताना मी असंख्य वेळा पाहिले असेल, पण नेहमी हातात काहीतरी घेऊन, कुणासाठी तरी. हात रिकामे, आणि कुणाकडेही न जाणारी अशी ती मला पहिल्यांदाच दिसत होती. तिचे हात फारसे सफाईदार पडत नव्हते, डावा जरा आखूडच पडत होता. तरी पाणी दुभंगत होते आणि ती पुढे सरकत होती. पलीकडच्या काठाला टेकून ती थांबली, डोके मागे टाकून तिने आकाशाकडे पाहिले आणि एकटीच हसली. ते हसू माझ्यासाठी नव्हते. माझ्या छातीत तीच जुनी कळ उठली, तितकीच धारदार. मला वाटले होते, कबुली दिल्यावर ती कळ निघून जाईल. ती गेली नव्हती. फक्त या वेळी मी तिला दुसरे नाव देऊ शकलो नाही.

ती परत आली. केसांतून, हनुवटीवरून पाणी निथळत होते. धापा टाकत म्हणाली, "कंटाळलात का?"

"नाही," मी म्हणालो. "अजून एक फेरी मार हवी तर."

पण माझे वाक्य पुरे होईपर्यंत ती वळली होती. तिच्या पायांनी उडवलेले पाणी माझ्या गुडघ्यांवर पडले, चांगले गार होते, आणि ती पुन्हा मध्यावर जाईपर्यंत मी ते पुसले नाही.