गंगेला भरती येईपर्यंत

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी एकदा होणाऱ्या सोयऱ्यांना भर दुपारी नावेत बसवून भरतीची वाट बघायला लावली.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा चौथीत शाळा सोडलेला, ह्याला काय कळतंय भरती न् ओहोटी. (शाळा मी सोडली नाही. गुरुजींचं आन् माझं पटलं नाही, आणि शाळा त्यांची होती, म्हणून मी निघालो.) पण त्या दिवशी नावेत मॅट्रिक झालेला माणूसही बसला होता. तोही वाटच बघत होता. मग?

आमचं गाव गंगेच्या अलीकडं. गंगा म्हणजे गोदावरी, पण तिला गोदावरी फक्त पुस्तकात म्हणतात. सोनपेठ पलीकडच्या अंगाला. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. वडील वारलेले, घराचा कर्ता मी, आणि पाठची बहीण शेवंता लग्नाची. आधी दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांनी काहीच कळवलं नाही. दुसऱ्यांना मी त्यांच्या बैलाचे दात बघून त्याचं खरं वय सांगितलं, ते चहा न घेता उठले. आता तिसरं स्थळ आलं होतं, आणि कसं स्थळ! मुलगा उत्तम, घर सोनपेठला, पूर्णेला रेल्वेत नोकरीला. पाऊस पडो न पडो, पगार ठरल्या दिवशी! असं स्थळ आमच्या अख्ख्या वस्तीत कोणाकडं आलं नव्हतं.

"ह्या खेपेला तुमी तोंड मिटून बसा," कौसल्या म्हणाली. कौसल्या म्हणजे माझी बायको. "पाव्हणे एसटीनं येतेत तर येऊ द्या."

"एसटीनं? आन् फाट्यापासून घरापर्यंत काय उडत येतेत?"

फाट्यापासून गावापर्यंतची वाट काळ्या रानातली. पावसाळ्यात तिथं पाय टाकला की पाय वर यायचा, चप्पल तिथंच राहायची. असे चिखलानं बरबटलेले पाव्हणे घरी येणार, आणि पहिल्या भेटीत इज्जत जाणार ती माझी!

माझ्या डोक्यात वेगळंच होतं. गंगा फुगली की तिचं पाणी आमच्या गावच्या ओढ्यात उलटं शिरायचं, पार आमच्या घरामागच्या लिंबापर्यंत. चार दिवस ओढ्याचं तळं व्हायचं, तेव्हाही झालं होतं. त्या पाण्यातून नाव थेट लिंबाखाली आणली, तर पाव्हण्यांच्या पायाला माती लागणार नाही. नाव लिंबाला लागली की पाय धुवायला तांब्या पुढं करायचा, आणि पाव्हण्यांनी कोरड्या पायांनी ओसरीवर यायचं. आमच्या गावात पाव्हणा दारात नावेतून उतरलाय असं कधी झालं होतं का? नाही!

"नाव कोन चालवनार?" कौसल्या.

"मी."

"तुमी?" आणि ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

नाव गावच्या नावाड्याची. तो सासुरवाडीला गेला होता. मी त्याला विचारूनच नाव घेतली. म्हणजे त्याच्या बायकोला विचारलं. म्हणजे सांगितलं.

मी धाडलेल्या निरोपाप्रमाणं पलीकडच्या काठावर पाव्हणे येऊन थांबले होते. मुलाचे वडील लिंबाजीराव, पांढरंफेक धोतर, त्याला घडीची रेघ. मुलगा उत्तम, अंगानं मजबूत, बोलायला मुका म्हणावा असा. आणि मुलाचे मामा. मामा मॅट्रिक, पायात काळे बूट, हातात छत्री. जयभीम-जयभीम झालं, मंडळी बसली, नाव निघाली. गंगा शांत होती. मी वल्हं असं मारत होतो की बघणाऱ्यानं बघत राहावं.

"मी कोकणात बंदरावर शिपाई होतो, लक्ष्मणराव," मामा म्हणाले. "तिथलं पाणी रोज दोनदा येतं आन् दोनदा जातं."

"कुठं जातं?"

"आत. समुद्रात."

"मंग आदी कुठं होतं?"

"समुद्रातच."

मी विचारात पडलो. समुद्राचं पाणी समुद्रातून निघून समुद्रात जातं. तर मग जातं म्हणायचं कामून?

"त्याला चंद्र वढतो," मामांनी बोट वर केलं.

"चंद्र! मंग आमुशाला कसं हो? चंद्रच नसतो."

"आमुशाला तर जास्त वढतो!"

दिसत नाही तेव्हा जास्त ओढतो! असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि मामांकडं वळून बसलो. पाण्याला चंद्र ओढतो, तर विहिरीच्या पाण्याला का ओढत नाही? घागरीतल्या? आणि माणसाच्या पोटातल्या पाण्याचं काय? मी विचारत होतो, मामा सांगत होते. मामांना जिथं माहीत नव्हतं तिथं ते जास्तच जोरात सांगत होते.

"लक्ष्मणराव," लिंबाजीराव हळूच म्हणाले, "ते तुमचं गाव होतं का?"

"कोनतं?"

"ते मागं राहिलं ते."

नाव धारेला लागून बरीच खाली गेली होती! मी म्हणालो, "मुद्दाम आनली. हिकडून वाट सोपी." आणि मग त्या सोप्या वाटेनं प्रवाहाच्या उलटं वल्हं मारता मारता माझे खांदे निखळायची वेळ आली. उत्तम उठून दुसरं वल्हं घ्यायला लागला. मी त्याला खाली बसवला. जावयानं वल्हं मारायचं? (अजून जावई झाला नव्हता, पण मनानं मी करून टाकला होता.)

ओढ्याच्या तोंडाशी आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काठावर अर्धं गाव. लिंबाखाली कौसल्या तांब्या घेऊन, तिच्या मागं शेवंता नव्या लुगड्यात. मी छाती काढली आणि नाव ओढ्यात घातली.

खसकन आवाज झाला. नाव थांबली.

सकाळी जिथं कमरेइतकं पाणी होतं तिथं आता घोटाभर. गंगा उतरली होती, आणि जाताना ओढ्यातलं पाणी घेऊन गेली होती! मागं ठेवला होता तो फक्त गाळ. काळा, चकचकीत, लोण्यासारखा गाळ.

"काय झालं?" काठावरून कौसल्या ओरडली.

"काय न्हाई! जरा थांबलो!"

"थांबलाव का फसलाव?"

मी बांबू घेतला, गाळात रोवला आणि अंगातला सगळा जोर लावला. नाव सुटली! हातभर पुढं सरकलीसुद्धा. पण बांबू काही सुटला नाही, आणि मी बांबू सोडला नाही. नाव पुढं, बांबू मागं, बांबूला मी! बांबू सावकाश, अगदी मानानं, मला घेऊन गाळात कलला. मी छातीपर्यंत काळा होऊन नावेत परत चढलो तेव्हा आधाराला हाताला जे लागलं ते धरलं. ते लिंबाजीरावांचं धोतर होतं.

त्यांनी आधी धोतराकडं बघितलं. मग माझ्याकडं. रेल्वेची नोकरी माझ्या डोळ्यापुढून पूर्णेच्या दिशेनं निघून गेली.

"लिंबाजीराव, पाठकुळी बसा, मी नेतो."

"सोयऱ्याच्या पाठीवर बसून पोरगी बगायला आलो म्हनून सांगू का गावात?"

"मंग चालत?"

"आसल्या पायांनी? पयल्या खेपेला? न्हाई जमनार."

आता काय करावं? तेवढ्यात मामा उठून उभे राहिले, छत्री उघडली आणि पाण्याकडं बघून म्हणाले, "घाबरू नका. ही ओहोटी हाय. भरती येनारच."

आता मला सांगा, मी काय चुकलो? चंद्र पाणी ओढतो हे मामांनीच सांगितलं. तोच चंद्र आमच्याही गावावर उगवतो. कोकणाला वेगळा चंद्र आहे का? हिशेब सरळ होता. शिवाय 'नदीला भरती येते का हो?' असं विचारावं, तर आपल्या नदीचं आपल्यालाच माहीत नाही असं झालं असतं. मी म्हणालो, "येतीच की! आमच्या हितं रोजची हाय."

आम्ही बसलो. पाणी आणखी उतरलं. मामा म्हणाले, येण्याआधी जास्त जातं. हेही मला पटलं.

तेवढ्यात घराकडून वास आला. कौसल्यानं मटण केलं होतं. मसाला जो भाजला होता तो वाऱ्यावर बसून थेट नावेत! लिंबाजीरावांच्या घरची रीत अशी की पोरगी पसंत केल्याशिवाय तिच्या घरचं अन्न खायचं नाही. म्हणजे उतरल्याशिवाय पोरगी नाही, पोरीशिवाय पसंती नाही, पसंतीशिवाय मटण नाही! सकाळी निघताना त्यांनी नुसता चहा घेतला होता. उत्तमच्या पोटातून आवाज आला. दिवसभरात तो पहिल्यांदा बोलला म्हणायचा.

"आवो!" कौसल्या ओरडली, "कशाची वाट बगायलाव?"

"भरतीची!"

"कशाची?"

"भरती! पानी येनार हाय! चंद्र वढनार हाय!"

काठावर कोणीतरी खाली बसूनच हसायला लागलं. कौसल्या शेवंताच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी घरामागं गेल्या. मला वाटलं, लाजेनं गेल्या.

आल्या त्या तुराट्यांचे भारे घेऊन. वाळल्या तुरीच्या काड्यांचे भारे आम्ही सरपणाला रचून ठेवायचो, आणि गाडी चिखलात रुतली की चाकाखाली टाकायचो. शेवंतानं नव्या लुगड्याचा काष्टा मारला, पहिला भारा गाळात टाकला, त्यावर पाय दिला, पुढं दुसरा टाकला.

"शेवंते! मागं फीर!" मी ओरडलो. "पाव्हणे बगायलेत!"

"बगू द्या की, दादा! बगायलाच आलेत न्हवं?"

मामांनी छत्री आडवी धरली, जणू त्यांना काही दिसतच नाही. शेवंता भारा टाकत टाकत निम्म्या वाटेत आली आणि हातातले भारे संपले; कौसल्या घरामागून आणखी आणत होती. तोंडावर गाळाचे शिंतोडे, कपाळाला घाम. लिंबाजीरावांना पोरी बघायची सवयच, त्यांनी तिथूनच विचारलं, "बाई, नाव काय तुजं?"

"आदी उतरा, मंग सांगते!" मग ती उत्तमकडं बघून म्हणाली, "आन् तुमी काय करता म्हनं?"

"रेल्वेत हाय," उत्तम म्हणाला. आवाज होता त्याला! "रुळाखाली खडी भरतो."

"मंग नुसते कामून बसलाव? वयनीकडून भारे घ्या न् टाका!"

उत्तमनं बापाकडं बघितलं नाही. पँट वर दुमडली आणि धप्पकन गाळात! पुढं काय झालं ते मी नीट बघितलं नाही, कारण मी त्या दोघांना ओरडत होतो. ती म्हणायची, "आडवा टाका." तो म्हणायचा, "उभा टाकला तर दबनार न्हाई." ती म्हणाली, "तुमचा रूळ न्हाई हा." तो हसला. ती हसली. लिंबाजीरावांनी पोराला एवढं बोलताना बहुतेक घरीही बघितलं नसावं. ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग गपचूप उठले, धोतर आवरलं आणि तुराट्यांवरून लिंबाखाली गेले. पायाला माती नाही!

नावेत राहिलो मामा आणि मी. मामा उतरेनात, कारण उतरले तर भरती येणार नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी उतरेना, कारण पाव्हण्याला एकटा सोडून यजमानानं जायचं नसतं. (आणि दुसरं कारण मामांचंच.) ओसरीवर बैठक बसलेली आम्हाला लांबून दिसत होती. शेवंता हातपाय धुऊन आली, बसली. काहीतरी विचारलं, काहीतरी सांगितलं. बहिणीच्या जन्माचा सवाल चालला होता, आणि घराचा कर्ता गाळात छत्रीखाली! मग ताटं निघाली. ताटं निघाली म्हणजे पसंती! मी उडी मारणार होतो, पण माझ्याआधी मामा उठले.

"ह्या नदीत काहीतरी दोष हाय," असं म्हणून त्यांनी बूट हातात घेतले आणि रश्शाच्या दिशेनं चालू लागले.

मी पोचलो तेव्हा लिंबाजीराव हात धूत होते. "लक्ष्मणराव," ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पोराला तर लयच पसंत हाय. पर आमची एक अट हाय."

सायकल मागतात की घड्याळ? मी हात जोडले. "बोला."

"लग्नाला आमी मोटार करू. तिच्यात नवरीच्या भावानं मागच्या शिटावर बसायचं. डायव्हरच्या बाजूला न्हाई."

अख्खी ओसरी हसली. कौसल्या सगळ्यात जास्त. मी अट मान्य केली, कारण प्रश्न बहिणीचा होता. लग्नाच्या दिवशी सगळ्यात मागच्या शिटावर, आहेराच्या भांड्यांत पाय दुमडून बसलो, आणि तोंडातून शब्द काढला नाही. मोटार सोनपेठऐवजी पालमच्या रस्त्याला लागली, हे पहिल्या वळणालाच माझ्या लक्षात आलं होतं. पण अट म्हणजे अट!