मोहनसिंगनं साहेबाचं घर हलवलं

मोहनसिंगच्या घराण्यानं चार पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं. मग रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि बैल घरी बसले. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात पूर्णा नदी मोजायला एक इंजिनेरसाहेब आला, त्याच्याकडं मोहनसिंगला काम लागलं. तेही मोटारीवरच! त्याचा म्हातारा बाप सेवा यावर पोट धरून हसायचा.

ती मोटार कसली, चाकांवरचं घरच होतं. आत पलंग, मोरी, एवढंच काय, संडाससुद्धा. छतावर चांगल्या पाण्याची टाकी, पोटाखाली घाण पाण्याची. दोन्ही टाक्या मोहनसिंगच्या ताब्यात. खालच्या टाकीचं नाव काढलं की बाकीचे नोकर नाक मुरडायचे. जन्मभर गोठा काढलेला हा गडी साहेबाच्या घाणीला कशाला भितो? मोरीच्या नळीत तुपाचा थर बसला की राखेचं कढत पाणी ओतून, लांब काडीनं ढोसून तो ती मोकळी करायचा. वरच्या टाकीत पाणी दुहेरी धोतरातून गाळून भरायचा आणि तुरटी फिरवायचा. "तुझ्या हातचं पाणी गोड लागतं," असं साहेब रोज म्हणायचा. ते येतं कुठून, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही.

मुक्काम सिद्धेश्वर गावाजवळ पडला तो मोहनसिंगच्या तांड्याच्या शेजारीच, आणि तिथं घोळ झाला. ड्रायव्हरनं मोटार थेट नदीकाठी लावली, बायकांच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. उन्हाळ्यात नदीची बोटभर धार उरते, तेव्हा सगळ्या गावाचं पिणं त्याच्यावर. चार दिवसांत खालची टाकी तुडुंब भरली. ड्रायव्हर जवळा बाजार या गावी गेलेला, आणि संध्याकाळी साहेबाचे वरिष्ठ चहाला येणार होते.

"टाकी इथंच सोडून दे," साहेब म्हणाला.

"इथं न्हाई साहेब. खाली बायका पाणी भरून राहिल्या."

"मी आता झोपतो. उठेपर्यंत टाकी रिकामी पाहिजे. नसेल, तर उद्यापासून येऊ नको."

मोहनसिंगच्या घरात दोन लेकरं, आणि चूल पेटायची ती याच पगारावर. टाकी उपसावी तर तिच्याखाली बादली सरकेल एवढीही जागा नव्हती. टाकीच्या तोंडाची चावी फिरवली की काम झालं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण तांडा कुठंही उतरो, वरचं पाणी माणसांचं, त्याखालचं गुरांचं आणि सगळ्यात खालचं धुण्याचं, हे त्याला पाय फुटायच्या आधीपासून ठाऊक. त्याचा हात चावीला लागेना.

तो उठला आणि तांड्यावरून आठ बैल घेऊन आला. ड्रायव्हर गिअरची दांडी मधोमध, मोकळी ठेवून जातो, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. चाकांखालचे दगड काढले, दोर आवळले आणि स्टिअरिंगवर म्हाताऱ्या सेवाला बसवलं.

"ह्याला येसण कुठं हाय रं?" सेवानं विचारलं.

"बा, नुसतं धरून बस. बोलू नको."

बैल चालले, मागून घर चाललं, आणि घरात साहेब घोरत राहिला. झिऱ्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. नदीपासून लांब, गावाच्या पार खालच्या अंगाला एका पडीक तुकड्यात मोहनसिंगनं खड्डा खणला, टाकीचं तोंड उताराला घेतलं आणि चावी फिरवली. टाकी खळखळून धुतली, खड्ड्यावर राख-माती लोटली.

साहेब उठला, दार उघडलं, तर नदी गायब. समोर आठ बैल रवंथ करताहेत.

"कुणाला विचारून हलवलीस गाडी?" तो कडाडला.

"तुमालाच इचारलं असतं, पर तुमी झोपले व्हते. टाकी रिकामी केली साहेब. आता ठेवा नाहीतर काढा."

त्या ओरडण्यानं साहेबाला तहान लागली. त्यानं पाणी मागितलं. मोहनसिंगनं तांब्या दिला. दोन घोट गेल्यावर साहेब थांबला.

"हे पाणी कुठलं?"

"झिऱ्याचं. इथं आल्यापासून रोज तिथलंच देऊन राहिलो तुमाला."

साहेबानं तांब्यात पाहिलं, मग लांब नदीकडं पाहिलं. त्यानं उरलेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मोहनसिंग कामावर होता. आणि पुढं जिथं जिथं मुक्काम पडला, तिथं इंजिन बंद करण्याआधी ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "मोहनसिंग, घर कुठं लावू?"