समोर कोण राहणार?

मी बाजार आखते. म्हणजे भाजीबाजार नव्हे. ज्या गोष्टी बोली लावून विकता येत नाहीत, त्या कुणाला कशा द्यायच्या याचे नियम बनवायचे आणि माणसं त्या नियमांचं काय करतात हे प्रयोग करून बघायचं, असं माझं काम आहे. पीएचडीनंतर मिळेल ती फेलोशिप पकडत मी पस्तिशीला आले, तरी नातेवाइकांत माझा हुद्दा अजून ‘शिकतेय’ हाच आहे.

कोपरची आमची जुनी बिल्डिंग पाडली आणि नवीत कुणाला कुठला फ्लॅट, यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमेकांचं खानदान काढणं सुरू झालं, तेव्हा मला गहिवरून आलं. एरवी आम्ही कॉलेजच्या मुलांना समोशाचं आमिष दाखवून संगणकापुढे बसवतो आणि काल्पनिक घरं वाटतो. इथे घरं खरी, भांडणं खरी आणि समोसे सोसायटीच्या खर्चाने. शिवाय फेलोशिप संपत आली होती, नोकरीच्या मुलाखतीआधी एक दमदार पेपर हवा होता. मी सेक्रेटरींना माझी पद्धत समजावून सांगितली.

पद्धत अगदी साधी. प्रत्येकाने फ्लॅट आपल्या आवडीच्या क्रमाने लिहायचे. मग चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे. ज्याचा नंबर येईल त्याला उरलेल्यांतला सगळ्यात आवडता फ्लॅट. यात खोटं लिहून काडीचा फायदा नाही आणि शेवटी अदलाबदल करून कुणाचं आणखी भलं होईल अशी सोयच राहत नाही. आमच्या शास्त्रात हे सिद्ध झालेलं आहे. सेक्रेटरी लहानपणी मला ‘ए शेंबडे’ म्हणून हाक मारायचे, ते त्या दिवशी ‘मॅडम’ म्हणाले. शास्त्राला एवढं यश पुष्कळ झालं.

आईने तिचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “अगं, समोर कोण राहणार ते कुठे लिहायचं?”

“ते लिहायचं नसतं. तू फक्त घर बघ.”

“घरात काय बघायचंय? चार भिंती असतील ना?”

मी तिला समजावलं की आपली पसंती ही आपली असते, ती शेजाऱ्यावर अवलंबून नसते. अशी वाक्यं आम्ही इंग्रजीत लिहितो तेव्हा ती खरी वाटतात.

समोर म्हणजे मावशी. सख्खी नव्हे, खाडीकाठच्या कोळीवाड्यातून लग्न होऊन कोपरला आलेली आमची समोरची शेजारीण. बिल्डिंग पाडल्यापासून आई मानपाड्याला भाड्याच्या घरात आणि मावशी भावाकडे. दोघी रोज फोनवर एकच गोष्ट बोलायच्या, नवी बिल्डिंग कधी होते. तो फोनही मी बंद पाडला. कारण याद्या देईपर्यंत आपापसात बोलायचं नाही, हा प्रयोगाचा नियम! सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा थांबली. हे मात्र माझं खरंखुरं सामाजिक योगदान.

याद्या द्यायच्या दिवशी मावशी डबा घेऊन आली. माझ्याकडे बघत तिने तो आईच्या मांडीवर ठेवला. “बोलाचा नाय म्हनं तुझी पोर. खावाचा तरी हाय का गो?”

नियमांत सुक्या बोंबलांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी याद्या गोळा करत पुढे गेले.

सोडत झाली. आईची चिठ्ठी पहिली निघाली. सहावा मजला, तीन बाजूंनी वारा, खिडकीतून खाडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी दात ओठ खात. मावशीचा नंबर शेवटचा, तिला उरलेला फ्लॅट मिळाला, दुसऱ्या मजल्यावर, पंपाच्या डोक्यावर. तिच्या समोर आले एक बँकेतून रिटायर झालेले काका, ज्यांचा जीव सहाव्या मजल्यात अडकला होता.

आई घरी येऊन जेवली नाही. मी चिडले. एवढं चांगलं घर, एवढी निर्दोष पद्धत, आणि हिचं तोंड वाकडं!

“मला खालचा दे,” ती म्हणाली. “काकांना वरचा हवाय, मी विचारलं.”

“अदलाबदल करता येत नाही.”

“कोण म्हणतं?”

मीच म्हणत होते. सोडतीत मिळालेला फ्लॅट राहायला गेल्यावर वर्ष होईपर्यंत कुणी बदलायचा नाही, हा नियम माझाच. नाहीतर समाधानाची पाहणी कशी करणार? आईच्या एका दारापायी माझा पेपर हातातून जाणार होता आणि मला आईचाच राग येत होता, हे स्पष्ट सांगते.

तिने वाद घातला नाही. “कळव्याचं आठवतं ना?” एवढंच म्हणाली.

मी तेव्हा जन्मलेच नव्हते, तरी आठवतं, इतक्या वेळा ऐकलंय. लग्नानंतर आई-बाबा कळव्याला भाड्याने राहायचे. समोरच्या बाईंशी आईचं विरजणाचं देणंघेणं होतं. एका पौर्णिमेला आमच्याकडे बुद्धवंदना झाली आणि दुसऱ्या दिवसापासून समोरचं दार लागलं. भांडण नाही, एक शब्द नाही. आईचं विरजणाचं भांडं तेवढं घासूनपुसून आमच्या उंबऱ्याशी ठेवलेलं होतं. म्हणून कोपरला आल्यावर आईने सामान लावायच्या आधी दार उघडं टाकून मोठ्याने वंदना म्हटली. कळायचं ते आजच कळू दे. समोरचं दार उघडलं आणि मावशीने विचारलं, “झाली का गो पूजा? चाय ठेवलीय.”

अशा घरात मी वाढले. आणि मग जगभरची पुस्तकं वाचून मी गृहीत धरलं की माणूस घर निवडताना घर बघतो.

पुढच्या मीटिंगमध्ये आईने विषय काढला. सेक्रेटरींनी हात जोडून माझ्याकडे बोट केलं. “वहिनी, नियम मॅडमचे आहेत.” मी उठले आणि माझा नियम मीच मागे घेतला. काका इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पद्धतीचं कौतुक केलं.

माझ्या सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “एकच केस आहे, अपवाद म्हणून तळटीपेत टाक.” मी आईला तळटीपेत टाकलं नाही, पेपरच बाजूला ठेवला. मुलाखतीत मग दाखवायला फारसं काही नव्हतं आणि त्यांनीही ते फार वेळ पाहिलं नाही. मी अजून शिकतेय.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी आईबरोबर मी दुसऱ्या मजल्यावर गेले. कुलूप मी उघडलं, दिवे लावले, नळ सोडून पाहिले. आई उंबऱ्यातच उभी होती, नव्या घराकडे पाठ करून. समोर मावशी आपल्या दाराला आंब्याचं तोरण बांधत होती आणि बांधता बांधता कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होती.

मला सवयीने पाहणी करायची होती. “आई, घर आवडलं का?”

“बघते की नंतर,” ती म्हणाली. वळली नाही.