धुतलेल्या चकत्यांचा भाव

ये गं, अशी जवळ सरकून बस. कागदावर लिहिते आहे म्हणून काय झालं, मी बोलते तशीच लिहिणार, आणि तूही ऐकतेस तशीच वाच. आधी तो मोबाइल उपडा ठेव. परवा त्यावरच तर म्हणालीस ना, "आजी, शेजारचे कोणी म्हातारे गेले, त्याचं इतकं काय लावून घेतेस मनाला?" कोणी म्हातारे! पुण्याला राहून माणसाला बोलायची पद्धत विसरायला होते का गं? देवरामभाऊजींना तू पाहिलं नाहीस, तो तुझा दोष नाही. पण न पाहिलेल्या माणसाला "कोणी" म्हणून मोकळं व्हायचं, हे मला चालायचं नाही. म्हणून हे सगळं सांगते.

देवरामभाऊजी एसटीत कंडक्टर होते. साकोली-लाखांदूर, साकोली-पवनी, असा सारा जन्म उभ्यानं गेला. हातात तिकिटाचा पंच, आणि तो टकटक वाजवत गाडीभर फिरायची सवय. निवृत्त झाले, पंच जमा केला, पण उजव्या हाताला काही चैन पडेना. त्या हातात मग चकत्या आल्या. पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी मांडतात ना, पोकर चिप का काय म्हणतात, त्या रंगीत गोल चकत्या. दोन छोटे ढीग बोटांत धरायचे आणि एकाच हातानं एकमेकांत सरकवायचे. टर्रर्र आवाज व्हायचा. चहा पिताना, पेपर वाचताना, माझ्याशी कुंपणावरून भांडतानासुद्धा तो आवाज चालूच. आणि दारात कोणीही येवो, दूधवाला असो की जावई, त्याच्या तळहातावर एक चकती ठेवायची आणि विचारायचं, "सांगा, भाव काय?"

आमच्या गल्लीत लोक त्यांना जुगारी म्हणत. माणसानं जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, मले बदाम अन् चौकट वळखू येत नाही. मी जुगार काय खेळनार?"

"मग या टिकल्या कशाला जमवता?"

"टिकल्या नोका म्हणू. चकती हाय. टिकली कपाळाले लावते."

त्या चकत्या त्यांना मिळाल्या भंगारात. तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीवर पूर्वी साहेबलोकांचा क्लब होता. तो कधीच बंद पडला. त्याचं सामान फिरत फिरत आपल्या इथल्या भंगारवाल्याकडे आलं, त्यात एक लाकडी पेटी होती. आत एकावर एक चार खण, आणि खणाखणांत लाल, हिरव्या, काळ्या चकत्या उभ्या लावलेल्या. मातीसारख्या कसल्याशा लगद्याच्या, मधोमध क्लबची सोनेरी अक्षरं. भाऊजींनी ती घेतली ती पेटीच्या सागवानासाठी. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तेव्हा शिलाईचं सामान ठेवायला पेटी हवी होती.

मग नागझिऱ्याला निघालेला एक पाहुणा हायवेवर टायर फुटला म्हणून थांबला आणि सावली पाहून भाऊजींच्या ओट्यावर बसला. त्याला त्या चकत्या दिसल्या. त्यानं एक उचलली, उन्हात धरली, आणि त्या एकीचे पाचशे रुपये दिले. भाऊजी मला सांगायला आले ते चप्पल न घालता. "वहिनी, हिच्यावर पाच लिहून हाय. तो पाचशे देऊन गेला. येडा होता का शहाना?"

तो प्रश्न त्यांना पुढं आयुष्यभर पुरला. मुलानं मोबाइल घेऊन दिला होता, त्यात अशा चकत्या जमवणाऱ्यांचे ग्रुप असतात म्हणे, तिथं ते शिरले. हळूहळू त्यांना सगळं कळायला लागलं. चकतीवरचा आकडा म्हणजे तिचा भाव नाही. चालू क्लबची चकती स्वस्त, बंद पडलेल्याची महाग. कडा धारदार असेल तर वर, घासलेली असेल तर खाली. मला म्हणायचे, "आपली गाडी बंद झाली त कोणी हार घालत नाही, वहिनी. पण क्लब बंद झाला का त्याची चकती वर जाते. हे असं उलटं हाय." आणि नव्यानं शिरलेल्या पोरांना फोनवर बजावायचे, "घेतली त्याच दिवशी निम्मा भाव उतरला समज. नव्या सायकलीवानी. नफ्यासाठी घेत असशील त नोको घेऊ, बावा. डोळ्याले बरी वाटते म्हणून घे."

सुट्या चकत्या त्यांनी पुष्कळ घेतल्या, विकल्या. पेटीतली मात्र पहिल्या त्या एकीनंतर दुसरी कधी विकली नाही, आणि तिच्या रिकाम्या जागेवर कागदाची गोल चकती कापून ठेवली होती. सुट्या विकल्या तर जास्त पैसे मिळतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण म्हणायचे, "पेटी फोडली का मेली." ग्रुपवर त्यांच्या शब्दाला मोठा मान. कुठला कोण माणूस चकतीचा फोटो टाकायचा आणि विचारायचा, साकोलीचे काका काय म्हणतात? काकांनी 'चांगली' म्हटलं की ती चांगली. न पाहता लोक पैसे पाठवायचे. एवढी एकच इस्टेट होती बघ त्यांची.

वहिनी गेल्यावर घर नुसतं मुलगा आणि बाप असं झालं. मग मुलाचं लग्न झालं. सून लाखांदूरकडची, प्रणाली नाव. बोलायला कमी, कामाला वाघीण. तिची या घरातली पहिली दिवाळी, आणि घरात कैक वर्षं बाईचा हात फिरलेला नव्हता. मग काय विचारतेस! माळ्यावरची भांडी उतरली, पितळेची घागर चिंच लावून लख्ख झाली, समई झाली, देवघर झालं. आणि मग कपाटातली ती पेटी तिच्या नजरेस पडली.

भाऊजी पेन्शनसाठी बँकेत गेले होते. मी अंगणात तांदूळ निवडत होते, पण माझी पाठ होती तिकडे. वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या बाजेवर पांढरं धोतर अंथरलेलं, आणि त्यावर मुंगवड्या वाळत घालाव्यात तशा चकत्याच चकत्या. चिंच लावून, काथ्यानं घासून, पावडरच्या पाण्यातून काढलेल्या. पोरगी घामाघूम. मला म्हणते कशी, "काकू, पाहा ना, किती मळ होता! एक खण राह्यला, उद्या करते."

तेवढ्यात भाऊजी आले. फाटकाशीच थांबले. बाजेजवळ येऊन त्यांनी एक चकती उचलली, बोटानं चाचपली. सोनेरी अक्षरं गेलेली, कडा गोल झालेल्या. मला वाटलं, आता आभाळ फाटतं. पण ते म्हणाले, "लय मेहनत घेतली व बाई. बस आता. चहा ठेव."

चहा न घेताच माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसले. हात रिकामा होता.

"वहिनी, रविवारी ग्रुपवरचे ते नागपूरचे वकीलसाहेब येऊन राह्यले पेटी न्यायले. माझे डोळे चालले, म्हणून देऊन राह्यलो होतो. अख्खी ठेवतो म्हणाले. म्या लिहून देल्लं त्याइले, का पाणी न लागलेली हाय म्हणून."

"मग सांगून टाका, सुनेनं धुतली."

"अन् तिनं ऐकलं त? पहिलीच दिवाळी हाय तिची. सासूच्या जाग्यावर उभी राहून हे घर आपलं करून राह्यली ते. आता तिले सांगू, का तू वाटोळं केलं? मग ते या घरात एक वाटीही इकडची तिकडे करनार नाही. पाहुणीवानी राहील जलमभर."

"मग म्हणा, छप्पर गळलं, भिजली."

"ते खोटं होते."

"आणि काय सांगणार?"

"म्याच धुतली म्हणीन."

मी चिडलेच. "ते खोटं नाही का?"

भाऊजी म्हणाले, "ते माझ्याबद्दलचं खोटं हाय, वहिनी. मालाबद्दलचं नोहे."

रविवारी वकीलसाहेब आले. गाडीतून मऊ कापड, पेटी बांधायचं सामान, सगळं घेऊन. मलाही बोलावलं होतं. भाऊजींनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "उघडायच्या आधी सांगतो, साहेब. वरचे तीन खण धुतलेले हायत. घासून धुतलेले."

"कोणी धुतले?"

"म्या."

"तुम्ही?" वकीलसाहेब उभेच राहिले. "अहो, गेल्याच महिन्यात त्या मुलाला तुम्ही ग्रुपवर झापलं, चकतीला पाणी लावशील तर याद राख म्हणून!"

"म्हातारं झालो, साहेब. डोकं फिरलं."

वकीलसाहेबांनी खण उघडला आणि कपाळावर हात मारला. मोबाइल काढून फोटो घेतला. "काका, तुमच्या शब्दावर मी नागपूरहून आलो. आता पुढं तुमचा शब्द कोणी घ्यावा?"

मला तिथं बसवेना. आणि दारात प्रणाली उभी, हातात चहाचा ट्रे.

"मामाजी, कायले खोटं बोलून राह्यले? म्याच त धुतल्या."

"तुले कोण इचारलं व? चहा ठेव अन् जा."

"चहा ठेवते. पण धुतल्या म्याच. चिंच लावून."

"चिंच लावून!" वकीलसाहेब म्हणाले आणि धपकन बाजेवर बसले. हसावं की रडावं कळेना बिचाऱ्यांना. शेवटी हसलेच.

मग त्यांनी खालचा खण पाहिला. तो शाबूत होता. तेवढा एक खण घेतो म्हणाले, आणि भाव सांगितला तो जवळजवळ अख्ख्या पेटीचा. भाऊजींकडे पाहत प्रणालीनंच विचारलं, "अन् बाकीच्या?"

"त्या राहू द्या तुम्हाला. त्यांना आता कोण घेणार?"

"मामाजी त म्हणते, पेटी फोडली का मेली."

भाऊजींनी मान वर केली. सुनेकडे असं पाहिलं, जणू ती या घरात आजच आली. म्हणाले, "चहा घ्या साहेब, थंडा होते. पेटी नाही फुटत. अन् एक इनंती हाय. ग्रुपवर बाईचं नाव नोका टाकू. माझंच राहू द्या."

वकीलसाहेबांनी तो शब्द पाळला. पण फोटो टाकला, आणि मग काय! लोकांनी त्यांना 'धोबीकाका' केलं. हसणं एक वेळ ठीक, पण विचारणारे थांबले. ज्या माणसाचा फोन जेवताना वाजायचा, त्याचा फोन दिवसदिवस गप्प पडून राहायचा. लागलं त्यांना. कुंपणाशी येऊन नुसतेच उभे राहायचे. एक दिवस मात्र ग्रुपवर स्वतःच लिहिलं, 'धुणे सोडून काहीही विचारावे. आपला, साकोलीचा धोबी.' मला वाचून दाखवताना इतके हसले, की ठसका लागला.

दुपारी भांडी झाली की प्रणाली त्यांच्याजवळ बसायला लागली. डोळे मंदावले होते, तर ती भिंगातून पाहून सांगायची आणि ते भाव करायचे. "अक्षरं अर्धी गेली त भाव निम्मा होत नाही, बाई, चौथाई होते. वंगाळ आधी सांगाचं, मंग चांगलं. गिऱ्हाइकाले घरी गेल्यावर वंगाळ दिसलं, त ते दुप्पट दिसते." ती कधी चुकली तर म्हणायचे, "चिंच लाव आता हिले!" आणि तीही हसायची. सासरा-सून असे हसताना मी या गल्लीत दुसरे पाहिले नाहीत.

यंदा उन्हाळा लागता लागता ते गेले. दुपारी बाजेवर पडले होते, तसेच. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी प्रणाली माझ्याकडे आली, त्यांचा मोबाइल हातात. म्हणाली, "काकू, हे टाकून राह्यली मी. वाचा." तिनं लिहिलं होतं, 'मी देवरामजींची सून. ते आता नाहीत. साकोलीची पेटी त्यांनी धुतली नव्हती, मी धुतली होती. त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. त्यांच्याकडून ज्यांनी जे घेतलं, ते त्यांनी सांगितलं तसंच होतं.'

मी म्हटलं, "पोरी, आता कशाला? गेलेल्या माणसाला काय त्याचं? लोक तुला हसतील."

"हसू द्या ना, काकू. त्याईचा शब्द कायले खाली राहील?" आणि माझ्यासमोर बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर किती लोकांनी काय काय लिहिलं, ते मला डोळ्यांतल्या पाण्यानं नीट वाचता आलं नाही. वकीलसाहेबांचा फोन आला. अख्खी पेटी द्याल का, म्हणाले, चारही खण. प्रणालीनं भाव सांगितला तो ऐकून मीच दचकले. तिकडून ते म्हणाले, "अहो, धुतलेल्या चकत्यांचा एवढा?"

तर ही शांतपणे म्हणते, "नाही साहेब. धुतलेल्यांचा कमीच लावला. खालच्या खणाचा पुरा लावला. अन् पेटी फोडली नाही, त्याचा येगळा लावला."

मग ते म्हणाले, "काकाच बोलल्यासारखं वाटलं. घेतो."

तर असे होते गं आमचे भाऊजी. वकीलसाहेब उन्हाळी धानाची कापणी आटोपली की येणार आहेत पेटी न्यायला. म्हणून म्हणते, त्याआधी ये. सुट्टी नाही, काम आहे, हे काही सांगू नकोस. रात्रीच्या गाडीनं नागपूर, तिथून साकोलीची एसटी पकड, मी स्टँडवर प्रणालीला पाठवते. ती तुझ्या हातावर चकती ठेवील आणि भाव विचारील, तेव्हा लाजू नकोस, सांग काहीतरी. तुझ्या वाटणीचे तांदळाचे घावन मी गरम गरम करीन. लवकर ये हं बाळा.