गॅलरीतले रविवार

एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपली, पण पुढच्या शिक्षणाला सीट मिळाली नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वडील मनमाडला रेल्वेत होते. त्यांचं म्हणणं, गावात दवाखाना टाक. मी वर्षभराची मुदत मागून घेतली आणि नाशिकजवळच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचनेच्या विभागात ट्यूटर म्हणून लागलो. शिकवायची हौस मुळीच नव्हती. अभ्यासाला वेळ मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्या तासाला गळ्याखालचं आडवं हाड शिकवायचं होतं. मी पाठ करून गेलो आणि घडाघडा म्हणून मोकळा झालो. मागच्या बाकावर विभागप्रमुख सर बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "डॉक्टर, तुमची परीक्षा झाली. पास आहात. उद्या मुलांना शिकवा."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. मुलांना म्हटलं, "स्वतःच्या हाडावर बोट ठेवा आणि ते कुठे वळतंय ते सांगा." आधी कुजबुज झाली, मग शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद. त्या गोंगाटात मला जे सुख मिळालं, ते वॉर्डात कधी मिळालं नव्हतं. पुढे मेडिसिनला सीट मिळाली, फिजिशियन झालो आणि त्याच कॉलेजात शिकवायला परत आलो. वडील बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलत.

त्या सुमाराला पेठच्या डोंगराकडचा एक शेतकरी न्यूमोनिया होऊन माझ्या वॉर्डात होता. घरी जाताना दारात घुटमळला. "डाक्टर, माझी पोरगी इथंच वसतिगृहात हाय, बारावी सायन्सला. तिला डाक्टर व्हायचंय. काय करावं लागतं?"

"रविवारी माझ्या घरी पाठवा," मी म्हटलं.

ती आली. पहिले काही रविवार मान खाली घालून नुसती ऐकायची. मग एकदा मैत्रिणीला घेऊन आली, आणि मैत्रिणीसमोर तिला प्रश्न सुचू लागले. वर्षभरात आमची गॅलरी मुलांनी भरली. चपला जिन्यापर्यंत जायच्या, बायको पोह्यांची कढई चढवायची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ती पोरं. मी मराठीत समजावायचो, मग तेच इंग्रजीत त्यांच्याकडून वदवून घ्यायचो.

सीईटीत तिचा नंबर लागला आणि धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. महिनाही झाला नसेल, तोच तिचे वडील माझ्या दारात. "पोरीचा फोन आला व्हता. लय रडत व्हती. तुमी येता का संगं?"

एसटीने आम्ही दोघं धुळ्याला गेलो. होस्टेलच्या फाटकाशीच ती म्हणाली, "बा, मला घरी ने. वर्गातलं इंग्रजी बोलणंच कळत नाही मला."

"नेतो. आधी खाऊन घे." त्यांनी फडक्यातली नागलीची भाकरी सोडली. "आज आता गाडी नाय. उद्या निघू."

संध्याकाळची गाडी होती. मला ते माहीत होतं, त्यांनाही. मीही भाकरी मोडून घेतली.

सकाळी ते तिला म्हणाले, "निघायच्या आधी आजचा तास तेवढा करून ये." ती गेली. आम्ही लिंबाखाली बसलो. मध्येच त्यांनी विचारलं, "तुमालाबी असंच झालं व्हतं?"

"झालं होतं. मनमाडची गाडी दिसली की बॅग भरायला घ्यायचो."

ते पहिल्यांदाच हसले.

दुपारी ती बाहेर आली. अ‍ॅप्रनला मृतदेहांवरच्या फॉर्मलिनचा वास होता म्हणून जरा लांबच उभी राहिली. "बा, मला थांबावं लागेल. मॅडमनी एक नस शोधायला सांगितलीय. अजून सापडली नाही."

त्यांनी पिशवी उचलली. परतीच्या गाडीत मालेगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

पुढे येवला, विंचूरकडचीही मुलं येऊ लागली. काही डॉक्टर झाली, काही फार्मसीला, एक शिक्षक झाला. नवं मूल आलं की मार्कांच्या आधी मी विचारायचो, घरापासून लांब कधी राहिलायस का?

ती आता डोंगराकडच्याच सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. तिचे वडील ब्लडप्रेशर दाखवायला अजून माझ्याकडे येतात. मी गोळी लिहून देतो, ते चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात आणि म्हणतात, "पोरीला विचारतो आन मग घेतो."