पुसलेलं कमळ

परवा चाकणच्या बाजारात रांगोळी चिमटीत घेऊन पाहिली आणि जपानी मॅडमचं दार आठवलं. मी त्यांच्याकडे कामाला होते. त्यांना मराठी येत नव्हतं, मला जपानी. तरी खुणांनीच मी त्यांना रांगोळी शिकवत होते.

त्यांनी जीव ओतून पहिलं कमळ काढलं. दुसऱ्या सकाळी मी सवयीनं ते झाडून टाकलं. मॅडमचे डोळे भरले. आता काम गेलं, लातूरला परतायचं, एवढंच डोक्यात आलं.

दारापुढे गाडी पुसत असलेला त्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "घ्या ताई, आता जपानीत माफी मागा!"

मी रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि रांगोळीचा डबा पुढे केला. त्या खाली बसल्या आणि तिथंच नवं कमळ काढू लागल्या.

पुढच्या सकाळी ते कमळ त्यांनी स्वतःच झाडलं होतं. मला पाहताच त्यांनी जपानी रीतीनं कमरेत वाकून नमस्कार केला. सातवीतच शाळा सुटलेली मी. कोण आलंय म्हणून आधी मागे वळून पाहिलं.